आरपीजीमधली (भूमिका वठवून खेळायच्या गेममधली) पात्रं मागचं विसरतात की लेखक विसरतो?

माळवी_मांत्रिक (रात्री १.२०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी इंदूरचा. पीथमपूरला सेकंड शिफ्ट असते, रामबागेत घरी पोचेपर्यंत साडेबारा होतात. जेवलो की तास-दीड तास गेम. आजीचं वय ८४, तिला रात्री झोप नसते, मग ती खुर्ची ओढून शेजारी बसते आणि मालिका बघावी तसा माझा गेम बघते. इंग्रजी तिला येत नाही म्हणून पडद्यावर जो कोणी बोलेल त्याचं मी तिथल्या तिथे मराठी करून सांगतो, आवाजबिवाज काढून. तीन वर्षं झाली हे चालू आहे.

तर मराठीत सांगताना एक अडचण येते जी एकट्याने खेळताना कधी आली नव्हती. इंग्रजीत सगळ्यांना एकच यू. मराठीत मला ठरवावं लागतं की हा सोबती माझ्या हीरोला तू म्हणेल की तुम्ही. पहिल्या भेटीत तुम्ही, दोन-चार लढाया एकत्र झाल्या की तू, कडाक्याचं भांडण झालं की परत कोरडं तुम्ही. आपण खऱ्या आयुष्यात करतो तेच. आणि इथेच घोडं पेंड खातं. काल रात्री ज्याने माझ्यासमोर मन मोकळं केलं तो आज असा बोलतो की मला तू म्हणावंसंच वाटत नाही. मध्ये काहीच घडलेलं नसतं. मी अडखळलो की आजीला लगेच कळतं.

सध्या ड्रॅगन एज २ चालू आहे. मी कॉलेजात एकदा संपवला होता, आता आजीसाठी दुसऱ्यांदा. मांत्रिक हॉक घेतलाय. कर्कवॉल शहरात मोकळा फिरणारा मांत्रिक दिसला की टेम्पलर, म्हणजे मांत्रिकांवर पहारा ठेवणारे शिपाई, धरून नेतात, सगळी कथा याच जाचावर उभी आहे. आणि मी भर चौकात टेम्पलरच्या डोळ्यांदेखत आगीचा लोळ सोडून चार गुंड भाजले तरी तो ढिम्म. आजी म्हणाली, "हा शिपाई आंधळा आहे का रे?" काय सांगू?

मग अँडर्स, सोबत्यांमधला एक मांत्रिक. अवेकनिंगमध्ये (पहिल्या गेमची, ओरिजिन्सची पुरवणी) तो आजीचा फार लाडका होता. थट्टेखोर, कितीदा तरी पळून गेलेला, पण मनाने चांगला. त्याला मांजराचं पिल्लू आम्हीच दिलं होतं, आजीच्या हट्टावरून. २ मध्ये तोच माणूस येतो तो हसणं विसरूनच. मला वाटलं आजी चिडेल. पण त्याच्या शरीरात जस्टिस नावाचा आत्मा शिरलाय म्हटल्यावर ती म्हणाली, "अंगात आलंय म्हण की. मग माणूस बदलायचाच." तो बदल तिने एका वाक्यात पदरात घेतला! तिला न पटलेली गोष्ट वेगळीच. परवा आमचं त्याच्याशी जोरदार वाजलं, आणि दुसऱ्या मिनिटाला परत त्याच्याकडे गेलो तर तेच ठरलेलं वाक्य, तोच सूर. येरे माझ्या मागल्या. आजी विचारते, "भांडण मिटलं कधी? माझा डोळा लागला होता का?"

शिवाय ते मांजर कुठे गेलं हे ती रोज विचारते आणि माझ्याकडे उत्तर नाही.

तर प्रश्न दोन. एक, हा बिघाड लेखकाचा की गेमच्या यंत्रणेचा? दोन, तू-तुम्हीच्या कसोटीवर शेवटपर्यंत खरं उतरणारं पात्र तुम्ही कुठल्या गेममध्ये पाहिलंय?

भियाजी (रात्री १.४१)

भिया राम! रामबागेतून धागा आलाय म्हणजे बोलायलाच हवं, मी लोकमान्य नगरचा.

स्कायरिम. मी कंपॅनियन्सचा म्होरक्या होऊन बसलो, अख्खा जथा माझ्या शब्दावर चालून राह्यलाय, आणि गावच्या वेशीवरचा शिपाई मला विचारतो की तुला तिथे काय मद्य आणायला ठेवलाय का. २०११ पासून तेच विचारून राह्यलाय.

शेवपरमल (सकाळी ७.०५)

आजींना साष्टांग नमस्कार. पोहे खाता खाता वाचला धागा. "अंगात आलंय म्हण की" हे वाक्य आज दिवसभर डोक्यात राहणार.

ऋता (सकाळी ९.३०)

मांत्रिका, धागा आवडला पण अँडर्सबाबत मी आजींशी भांडणार :)

अंगात आलं म्हणून माणूस बदलला हे ठीक. पण अंगात आलेलं उतरलं की माणूस पुन्हा दिसतो ना? मला २ मध्ये जुना अँडर्स डोकावतानासुद्धा फार कमी दिसला. आणि त्याचं कारण कथेत नाही, कथेच्या बाहेर आहे. अवेकनिंगमधला अँडर्स एका लेखकाने लिहिला आणि २ मधला दुसऱ्या लेखिकेने. आवाजही बदलला. मूळ ओरिजिन्स आला नोव्हेंबर २००९ ला आणि २ आला मार्च २०११ ला, म्हणजे मध्ये जेमतेम १६ महिने. त्याच गुहा पुन्हा पुन्हा वापरल्यात हे तर सगळ्यांनी पाहिलंय, दार बंद केलेलं असतं तरी नकाशात पलीकडची खोली दिसते. जिथे गुहा बांधायला वेळ नव्हता तिथे माणूस बांधायला कुठून मिळणार.

जस्टिसचा तर माझ्या मते त्याहून मोठा घात झालाय. अवेकनिंगमध्ये तो मेलेल्या ग्रे वॉर्डनच्या (राक्षसांशी लढणाऱ्या योद्ध्याच्या) देहात अडकलेला, जग नव्याने बघणारा, कुतूहलाने प्रश्न विचारणारा आत्मा होता. २ मध्ये त्याचा नुसता राग उरला. दोन चांगली पात्रं एका भांड्यात ओतली आणि दोन्हींची चव गेली.

एकटा_जीव (सकाळी १०.१२)

मला हा विषयच कळत नाही. गेम खेळायला असतो. कथा वाचायची तर पुस्तक आहे. मी संवाद आले की बटण दाबत सुटतो, पुढची लढाई महत्त्वाची. शिपायाने ओळखलं नाही म्हणून माझी तलवार बोथट होत नाही.

भियाजी (सकाळी १०.२०)

@एकटा_जीव, आयडी सार्थ आहे तुमचा.

जुना_खेळिया (सकाळी ११.४८)

एकटा_जीव यांचं म्हणणं उडवून लावू नका, त्यात तथ्य आहे. ज्याला लढाईच हवी त्याच्यासाठी असंख्य गेम आहेत. पण आरपीजीचं मूळ पडद्यावर नाहीच, टेबलावर आहे. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हा त्यात कॉम्प्युटर नव्हता, चार डोकी, फासे आणि कथा चालवणारा एक माणूस.

मी इंजिनीअरिंगला हॉस्टेलवर असताना आम्ही पाच जण दर शनिवारी खेळायचो, पुस्तकांच्या झेरॉक्स काढून. कथा चालवायचा माझा रूममेट. एकदा मी गंमत म्हणून एका सरायवाल्याचे पैसे बुडवले. दोन तांब्याची नाणी. सात महिन्यांनी, दुसऱ्याच शहरात, आम्ही जखमी होऊन रात्री एक दार ठोठावलं तर दार उघडणारी बाई त्या सरायवाल्याची बहीण निघाली. तिने आधी दोन नाणी मागितली, मग आत घेतलं. पंचवीस वर्षं झाली, मला ती बाई अजून आठवते. ती नव्हतीच कधी, तरी आठवते.

कॉम्प्युटरला हे जमत नाही असं मी म्हणणार नाही, पण तिथे प्रत्येक नाणं कोणीतरी आधी लिहून ठेवावं लागतं. लेखकाला माहीतच नसतं की तुम्ही पैसे बुडवणार आहात. म्हणून माझं मत, दोष यंत्रणेचा जास्त.

चिंतू_पॅच (दुपारी १.१५)

खेळियाकाकांना अनुमोदन, आणि त्यात आतली माहिती घालतो. मी सहा वर्षं गेम टेस्टर होतो, कंपनीचं नाव सांगत नाही. कथेच्या टेस्टिंगवर होतो, म्हणजे दिवसभर पात्रांशी बोलायचं आणि कुठे तुटतंय ते लिहायचं.

गेम "लक्षात" कसं ठेवतो? प्रत्येक घटनेला एक खूण असते, आम्ही फ्लॅग म्हणायचो. राजाला मारलं, हो किंवा नाही. बहिणीला वाचवलं, हो किंवा नाही. पात्र बोलायच्या आधी गेम त्या खुणा तपासतो आणि त्याप्रमाणे वाक्य निवडतो. अशा नुसत्या १० हो-नाही खुणा घेतल्या तरी १०२४ वेगवेगळ्या परिस्थिती होतात. प्रत्येकीसाठी वेगळं वाक्य कोणी लिहीत नाही. मग लेखक काय करतो, सगळ्या परिस्थितीत चालेल असं गुळमुळीत वाक्य लिहितो. मांत्रिकच्या आजींनी पकडलं ते भांडणानंतरचं वाक्य म्हणजे हेच. ते भांडण झालं नसतं तरी चाललं असतं, म्हणून झालं तेव्हा खोटं वाटलं.

दुसरं, कलाकार बहुतेक वेळा एकटा बूथमध्ये उभा राहून बोलतो. समोर दुसरा नट नाही, हातात वाक्यांची यादी. प्रवेश क्रमाने येतीलच असं नाही. सकाळी मरणाचा प्रसंग, दुपारी पहिली भेट. रेकॉर्डिंग झाल्यावर कथा बदलली तर कलाकाराला परत बोलवायला पैसे लागतात, मग जुनंच वाक्य नव्या जागी ठिगळासारखं लावतात.

एकदा मी एका पात्राबद्दल तक्रार लिहिली होती की ही आपल्या मेलेल्या नवऱ्याबद्दल वर्तमानकाळात बोलते. उत्तर आलं, माहीत आहे, दुरुस्त होणार नाही, तारीख जवळ आलीय. मी ती नोंद बंद केली. खेळणाऱ्याला वाटतं लेखकाला कळलं नसेल. कळलेलं असतं हो. खूप वाईट वाटायचं.

बडोदेकर (दुपारी ३.०२)

चिंतूभाई, माहितीबद्दल आभार, पण माफ करा, यंत्रणेवर सगळं ढकलू नका. काही ठिकाणी यंत्रणेचा काडीचा संबंध नसतो. सरळ लेखनाचा दोष असतो आणि तो दोष म्हणायला हवा.

फॉलआउट ३, साल २००८. फॉक्स नावाचा सुपर म्युटंट आपला सोबती होतो. त्याला किरणोत्सर्गाचं काहीच होत नाही. हे कुठे लपवलेलं नाही, उलट कथेतच दाखवलंय. व्हॉल्ट ८७ नावाच्या तळघरात एक वस्तू किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत असते आणि फॉक्स स्वतः आत जाऊन ती तुम्हाला आणून देतो. मित्र म्हणून.

आता शेवट. पाणी शुद्ध करायचं यंत्र चालू करायचं तर कोणीतरी तशाच खोलीत जाऊन बटणं दाबायला हवीत, आणि जाणारा माणूस मरणार. फॉक्स शेजारी उभा आहे. तुम्ही म्हणता, बाबा रे तू जा, तुला काही होत नाही. आणि तो नाही म्हणतो. का, तर हे तुझं प्राक्तन आहे, ते मी हिरावून घेणार नाही.

अरे काय प्राक्तन! काही तासांपूर्वी तू हेच काम केलंस की! इथे १०२४ परिस्थिती नाहीत, इथे एकच परिस्थिती आहे. लेखकाला हीरोचं बलिदान हवं होतं आणि फॉक्स आड येत होता, तर फॉक्सची अक्कल काढून घेतली. पुढच्या वर्षी ब्रोकन स्टील नावाचं एक्स्पान्शन आलं, त्यात त्याला आत पाठवायची सोय केली. पण पाठवायची सोय म्हणजे उत्तर नव्हे. पहिल्यांदा तो तसं बोललाच का?

माझं म्हणणं, पात्र विसरलं तर मी यंत्रणेला माफ करतो. पात्राला कथेच्या सोयीसाठी मूर्ख केलं तर नाही करत.

ऋता (दुपारी ३.१५)

+१००. "सोयीसाठी मूर्ख केलं" हे नेमकं.

शेवपरमल (दुपारी ३.४०)

बडोदेकर, हे तर आपल्या मालिकांसारखं झालं. सहा महिने घरातल्या प्रत्येकाचं बोलणं दाराआडून ऐकणारी सासू, आणि सूनबाईंनी खोटी दाढी लावली की ओळखतच नाही.

मीनलताई (सायंकाळी ५.५०)

मी ग्वाल्हेरची. हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं काढली, गेम मुलामुळे आले घरात आणि आता मीच जास्त खेळते.

बडोदेकरांच्या यादीत माझं एक नाव घाला, विचर ३ मधला डाइक्स्ट्रा. आधीच्या राजाचा हेरप्रमुख, अख्ख्या नॉव्हिग्राडमध्ये त्याच्याइतका सावध माणूस नाही. प्रत्येक भेटीत चार पावलं पुढचा विचार करणारा. आणि राजाला मारण्याच्या कटाचा शेवट आठवतो का? तो आपल्याच साथीदारांना, रोशला आणि व्हेसला, मारायला निघतो, आणि ते आधी गेराल्टला, म्हणजे आपल्या हीरोला, जाहीर करून सांगतो. वर म्हणतो, तू बाजूला हो. ज्या गेराल्टची तलवार काय करते हे त्याला पुरतं माहीत आहे, जो रोशचा जुना मित्र आहे, त्याच्यासमोर! हेरगिरीत आयुष्य घालवलेला माणूस दोन दिवस थांबला असता, गेराल्ट गेल्यावर काम उरकलं असतं. मी तो प्रसंग संपल्यावर खेळ थांबवून बसले होते. तो मेला याचं दुःख नव्हतं, तो डाइक्स्ट्रा म्हणून मेला नाही याचं होतं.

तालमीत आम्हाला एक सवय लावली होती. विंगेतून रंगमंचावर पाऊल टाकायच्या आधी स्वतःला विचारायचं, माझं पात्र आत्ता कुठून आलं? बाजारातून आलं की भांडणातून आलं? हातातली पिशवी त्यावर ठरते, श्वाससुद्धा ठरतो. चिंतू म्हणतोय तसा एकट्या बूथमध्ये उभा असलेला कलाकार हे कोणाला विचारणार? त्याला कोणीतरी सांगायला हवं ना, की बाबा रे तू आत्ता भांडून आलायस. तेवढं एक वाक्य सांगितलं तरी फरक पडेल. वाक्य गुळमुळीत असलं तरी आवाज गुळमुळीत राहणार नाही.

मांत्रिका, तू-तुम्हीची कसोटी मला फार पटली. इंदूरला सानंद संस्थेच्या नाटकांना आजींना नेतोस का? त्यांचा कान पक्का आहे.

माळवी_मांत्रिक (रात्री १२.५५)

आत्ता शिफ्टवरून आलो, एवढे प्रतिसाद बघून भरून आलं. मीनलताई, आजी आधी जायची नाटकांना, आता जिने चढवत नाहीत. म्हणून तर मी घरीच नाटक करतो.

चिंतू, तुझं वाचून माझं मत थोडं बदललं. भांडणानंतरच्या वाक्याचा राग आता त्या लेखकावर राहिला नाही. बडोदेकर, फॉक्सचं मात्र मी आजीला सांगितलं, ती म्हणाली "कोणीतरी त्याच्या तोंडून बोलतंय." तिच्या भाषेत हेही अंगात येणंच, फक्त आत्म्याऐवजी लेखक आलाय.

एकटा_जीव (सकाळी ८.३०)

हे वाक्य मात्र मान्य. आणि ठीक आहे, एक कबूल करतो. मास इफेक्ट ३ चे संवाद मी बटण न दाबता ऐकले होते. शेवट बघून रात्रभर झोपलो नव्हतो.

जुना_खेळिया (सकाळी ९.०१)

अरे वा, एकटा जीव समाजात आला. त्या शेवटावर किती ठिकाणी किती भांडणं झाली ती इथे नकोत.

बडोदेकर (सकाळी ९.१०)

इथेच हवीत काका, विषयच तो आहे. शेवटी ते पोरासारखं दिसणारं अस्तित्व येऊन सांगतं की माणसं आणि यंत्रं कधीच एकत्र नांदू शकत नाहीत. आणि मी काही तासांपूर्वी रानॉक ग्रहावर गेथ ही यंत्रं आणि त्यांना बनवणारे क्वेरियन यांचा समेट करून आलेलो! तोही सहज नाही झालेला, आधीच्या गेममधले निर्णय सांभाळून सेव्ह (साठवलेला खेळ) पुढे आणावी तेव्हा कुठे तो पर्याय मिळतो. माझा हीरो शेपर्ड तोंड उघडून म्हणतच नाही की अहो, तिकडे बघा, नांदतायत. मार्च २०१२ मध्ये गेम आला, लोक इतके चिडले की जूनमध्ये शेवट वाढवून फुकट द्यावा लागला. त्यातही समेटाचा हिशोब नीट लागला नाही असंच मला वाटतं.

एकटा_जीव (सकाळी ९.२२)

बडोदेकर, मी तो समेट केलाच नव्हता. माझ्याकडे क्वेरियन संपले. मला तो शेवट खरा वाटला म्हणून झोप उडाली.

ऋता (सकाळी ९.५०)

हे वाचून अंगावर काटा आला. एकच वाक्य, एकाच्या खेळात खरं आणि दुसऱ्याच्या खेळात खोटं. म्हणजे लेखकाने एकच वाट धरून शेवट लिहिला.

भियाजी (सकाळी ११.३३)

वातावरण हलकं करतो. बाल्डर्स गेट ३ आला तेव्हा माझ्या तळावर रोज रात्री कोणीतरी प्रेमाची कबुली द्यायला उभा. गेलशी मी दोन शब्द गोड बोललो, तो मला जादू शिकवता शिकवता डोळ्यांत डोळे घालून राह्यला. मला वाटलं माझ्या हीरोच्या चेहऱ्यात काहीतरी आहे. मग स्टुडिओच्या प्रमुखांनीच सांगितलं की सोबती प्रेमात पडायला लागणारी पसंतीची मर्यादा चुकून खाली राहिली होती, बग होता.

चिंतू_पॅच (सकाळी ११.४०)

हाहाहा! पण बघा, हे सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. लेखन तेच, आवाज तोच, नुसता एक आकडा खाली राहिला आणि माणसाचा स्वभाव उथळ झाला. भलत्या वेळी आलेलं चांगलं वाक्यही वाईट लेखन वाटतं.

अवकाळी (दुपारी २.२५)

अवांतर: इंदूरला यायचं ठरतंय, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) कधी मिळतात?

भियाजी (दुपारी २.३१)

थंडीत. नोव्हेंबरनंतर या, रात्री दहानंतर. भुट्ट्याचा कीस सोडू नका.

ऋता (दुपारी ४.१०)

गराडूवरून परत मुद्द्यावर. मांत्रिकचा दुसरा प्रश्न कोणीच घेतला नाही. टिकलेलं पात्र कोणतं?

माझं उत्तर मॉर्डिन, तो शास्त्रज्ञ. मास इफेक्ट २ आणि ३. आणि हे मी अँडर्सच्या बाजूला ठेवून सांगते. अँडर्सचा आवाज बदलला, लेखकही बदलला. मॉर्डिनचासुद्धा २ आणि ३ मध्ये आवाजाचा कलाकार बदलला, पण लेखक तोच राहिला. आणि मला पहिल्या भेटीत पाच मिनिटं आवाज वेगळा वाटला, मग विसरूनच गेले. तीच तुटक घाईची वाक्यं, कर्त्याला रजा देऊन बोलणं, तेच डोकं.

गंमत म्हणजे मॉर्डिन बदलतो, अँडर्सपेक्षा जास्त बदलतो. २ मध्ये तो क्रोगन लोकांची पैदास रोखणाऱ्या जेनोफेजचं समर्थन करतो, ते त्याने स्वतः सुधारून दिलंय, त्याच्याकडे आकडेमोड तयार आहे. पण तुचांकावर, क्रोगनांच्या ग्रहावर, त्या इस्पितळात एका क्रोगन बाईचं प्रेत बघून तो क्षणभर थांबतो. ३ मध्ये तोच माणूस इलाज करायला जीव देतो. आणि कुठेही असं वाटत नाही की हा दुसरा कोणी आहे, कारण दोन्ही वेळा कारण एकच, माझ्या हातचं काम माझी जबाबदारी. मत फिरलं, माणूस नाही फिरला. माझ्या लेखी तो पहिल्यापासून "तुम्ही" म्हणणारा, आणि शेवटच्या लिफ्टपाशीसुद्धा तुम्हीच म्हणेल, पण त्या तुम्हीत केवढी माया असेल!

बडोदेकर (दुपारी ४.३०)

ऋताबेन, तुमच्यापुढे हात टेकले. फॉलआउट न्यू व्हेगसमधला सोबती बून पण लिहा यादीत. लीजन नावाच्या क्रूर फौजेशी सलगी केली की तो तुमच्याबरोबर राहत नाही, मग तुमची गरज असो नसो. अबोल, हेकट, पण आपल्या शब्दाला धरून. आणि तो गेम १८ महिन्यांत केलाय, म्हणजे नुसता वेळ नव्हता हे कारण दर वेळी चालत नाही.

जुना_खेळिया (सायंकाळी ६.१५)

१९९९ च्या प्लेनस्केपमधला डाकॉन. त्याची तलवार त्याच्या मनाप्रमाणे आकार घेते, मन खंबीर तर धार, मन डळमळीत तर निस्तेज. लेखकाने स्वभाव हत्यारातच बसवला, विसरायची सोयच ठेवली नाही.

मीनलताई (रात्री ९.०५)

आणि डिस्को एलिझियममधला किम! कसा राहिला इतका वेळ?

तुम्ही दारुडा, स्मृती गेलेला पोलीस, तो तुमचा जोडीदार. तुम्ही काहीही वेडेपणा करा, किमकडे त्याला त्याच्या पद्धतीचं उत्तर आहे. चष्मा नीट करतो, वहीत लिहितो, दिवसाला एकच सिगारेट ओढतो. वैतागतो पण अपमान करत नाही. आणि शेवटी तुमच्या जुन्या सहकाऱ्यांसमोर तुमच्याबद्दल जे सांगतो ते तुम्ही कसं वागलात त्यावर असतं. मी पहिल्यांदा चांगली वागले होते. त्याचं बोलणं ऐकून मला तालमीतल्या आमच्या जुन्या दिग्दर्शकांची आठवण झाली, कौतुक तोंडावर कधी नाही, दुसऱ्याजवळ मात्र भरभरून.

एवढ्या वाटा असलेल्या गेममध्ये हे जमलंय. म्हणून चिंतू, यंत्रणा अवघड आहे हे मान्य, पण अशक्य नाही. त्या लेखकांनी प्रत्येक प्रसंगासाठी वेगळा किम लिहिला नसेल, पण हा माणूस काय करणार नाही हे त्यांना आधी पक्कं ठाऊक असणार.

मांत्रिका, तू-तुम्हीचं सांगू? किमला शेवटपर्यंत तुम्हीच दे. एकदासुद्धा तू नको.

चिंतू_पॅच (रात्री ९.४०)

"काय करणार नाही हे पक्कं ठाऊक." ताई, हे आमच्या वेळी भिंतीवर लावायला हवं होतं.

ऋता (रात्री ११.१०)

मांत्रिका, आत्ता आठवलं म्हणून खास परत आले. मांजर! अँडर्स पहिल्यांदा दवाखान्यात भेटतो ना, तिथे त्याला ग्रे वॉर्डनबद्दल विचारायचा पर्याय असतो, लोक घाईत सोडून देतात. तो विचार. तुझी जुनी सेव्ह असेल तर बघ.

माळवी_मांत्रिक (रात्री २.०५)

ऋता, तुझे उपकार कसे फेडू. सेव्ह होती.

आजीला उठवायची गरजच नव्हती, ती बसूनच होती. परत दवाखान्यात गेलो, वॉर्डनबद्दल विचारलं. आणि अँडर्स सांगतो, मांजर ठेवून घेऊ दिलं नाही, त्याच्यामुळे मी हळवा झालो म्हणे, द्यावं लागलं एका ओळखीच्याकडे. गुहेत एका राक्षसाच्या नाकावर त्याने पंजा मारला होता हेही सांगतो, आणि ते सांगताना आवाजात तोच जुना अँडर्स येतो. वर्षभराने आलेल्या, दुसऱ्या हाताने लिहिलेल्या गेममध्ये त्या पिल्लाची आठवण कोणीतरी ठेवली होती.

मराठी करताना परत अडलो. इंग्रजीत नुसतं फ्रेंड आहे, मित्र की मैत्रीण ते कळत नाही. म्हणून ओळखीच्याकडे म्हटलं. आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाईमाणूस असेल तर बरं. दूध वेळेवर मिळेल."

उद्यापासून किम. तुम्हीच देणार आहे, ताई.